रेखाटलेला खलनायक आणि विवेकबुद्धी

कार्टूनपट म्हणजे लहान मुलांची करमणूक, असे समजून आपण वडीलधारी मंडळी त्याकडे पाठ फिरवतो. मुले मात्र ते पुनःपुन्हा पाहतात, आणि त्यांतल्या दुष्टांविषयी त्यांना पडणारे प्रश्न आपल्या धर्मशिक्षणाच्या वर्गातील प्रश्नांहून निराळे नसतात. हा माणूस असा का वागला? त्याला मागे फिरता आले नसते का?

सजीव नटाच्या मुद्रेवर माणुसकीची एखादी छटा नकळत उमटून जाते. रेखाटलेल्या मुद्रेवर नकळत काहीच उमटत नाही. पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी सरकतात. खलनायकाची पापणी क्षणभर थरथरावी असे वाटले, तर ती थरथर चित्रकाराला हेतुपुरस्सर काढावी लागते. म्हणूनच निव्वळ काळाकुट्ट राक्षस काढणे सोपे. 'आपण चुकतो आहोत' हे ज्याला कळते, तो दुष्ट काढणे कठीण.

डिस्नेच्या १९९६ सालच्या 'द हंचबॅक ऑफ नोत्र दाम' या चित्रपटातील फ्रोलो हा असा दुष्ट आहे. व्हिक्टर ह्यूगोच्या १८३१ सालच्या कादंबरीत तो आर्चडीकन, म्हणजे आम्हा धर्मसेवकांपैकीच एक. चित्रपटात त्याला न्यायाधीश केले आहे. हा बदल मला सोयीचा वाटला, प्रामाणिक वाटला नाही. तथापि त्यातील एक प्रसंग प्रत्येक ख्रिस्ती पालकाने पाहावा. फ्रोलो धगधगत्या अग्नीसमोर उभा राहून आपल्या वासनेचा दोष त्या जिप्सी तरुणीवर आणि शेवटी परमेश्वरावरही ढकलतो, आणि त्याच वेळी पार्श्वभूमीवर लॅटिन भाषेत पापकबुलीची प्रार्थना चालू असते. मिस्साच्या आरंभी छातीवर हात मारून आपण जी म्हणतो, तीच. दोष स्वतःकडे घेणारे शब्द त्याच्या कानी पडत आहेत, आणि त्याची जीभ नेमकी उलट बोलते आहे. द्वंद्व म्हणतात ते हेच.

अलीकडे खलनायकाला 'खोली' देण्याचा एक सोपा मार्ग रूढ झाला आहे. त्याचे बालपण दुःखी दाखवायचे, म्हणजे झाले. दुःख समजून घ्यावे, यात शंका नाही. परंतु जखमेनेच सारे घडवले असे म्हटले, की त्याचे स्वातंत्र्य हिरावले जाते, आणि त्याबरोबर पश्चात्तापाची शक्यताही. संत थॉमस अक्वायनस सांगतात, की मनुष्य वाइटाला वाईट म्हणून निवडत नाही. त्यात काहीतरी चांगले दिसते म्हणून निवडतो. १९९८ सालच्या 'द प्रिन्स ऑफ इजिप्त'मधील रामसेस मोशेवर भावासारखे प्रेम करतो, वडिलांचे साम्राज्य आपल्या हातून ढासळू नये असे त्याला वाटते. या दोन्ही गोष्टी वाईट नाहीत. तरी त्यांच्यासाठी तो गुलामांचे रक्त वाहू देतो.

आपल्याकडे १९९२ साली 'रामायण : द लिजंड ऑफ प्रिन्स राम' हा भारत-जपान सहकार्याचा चित्रपट तयार झाला. युगो साको आणि कोइची सासाकी यांच्याबरोबर त्याचे दिग्दर्शन राम मोहन यांनी केले. ते मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात घडलेले. जानेवारी २०२५ मध्ये तो आपल्या चित्रपटगृहांत पुन्हा झळकला. मूळच्या हिंदी आवृत्तीत रावणाला आवाज अमरीश पुरी यांचा आहे. परंतु रामकथेत मला रावणाहून अधिक अस्वस्थ करतो तो कुंभकर्ण. थोरल्या भावाने अन्याय केला, हे तो त्याच्या तोंडावर सांगतो, आणि तरीही त्याच्यासाठीच रणांगणावर जातो. बिभीषण मात्र भावाला सोडून निघून जातो.

भूगाव-मुळशीकडे जमिनींना सोन्याचा भाव आल्यापासून हा प्रसंग पुराणातला राहिलेला नाही. बहिणीचा वाटा दडपणारा थोरला, ते चूक आहे हे जाणूनही त्याच्या कागदावर सही करणारा धाकटा, आणि सही नाकारली म्हणून घराला पारखा झालेला तिसरा. यांतल्या धाकट्याला खलनायक म्हणावे काय? मुलांनी विचारले, तर उत्तर देण्यापूर्वी मी त्यांना विचारीन, की सही करताना त्याचा चेहरा तुम्ही कसा काढाल.