उत्साह आणि संमती

गेल्या हिवाळ्यात मुलीकडे नॉर्वेस गेलो असता ट्रॉम्सो येथे श्वानगाडीतून फिरण्याचा योग आला. गाडी बर्फात रोवलेल्या लोखंडी आकड्याने अडकवली होती. जुंपलेले कुत्रे पुढे झेपावत, आक्रोश करीत होते. आकडा उपटताच ते मुकाट्याने धावू लागले. वाटाड्या म्हणाला, "यांना धावण्यास नव्हे, थांबण्यास शिकवावे लागते."

मन निःशंक झाले, पण क्षणभरच. १९११ साली अमुंडसेन ५२ कुत्रे घेऊन दक्षिण ध्रुवाकडे निघाला. परतले ११. बहुतेकांना योजनेप्रमाणे वाटेत ठार करण्यात आले; त्यांचे मांस माणसांनी व उरलेल्या कुत्र्यांनी खाल्ले. तेही असेच उत्साहाने धावले असतील. मग उत्साहास संमती म्हणावे काय? संमती देणाऱ्यास पुढचे ठाऊक असावे लागते. येथे ते केवळ गाडीवानास ठाऊक होते.

मला माझ्या हाताखालचा एक कारकून आठवला. तो कधी 'नाही' म्हणत नसे. म्हणून प्रत्येक जादा काम मी त्याच्याच टेबलावर टाकीत गेलो. तो आजारी पडून दीर्घ रजेवर गेला. त्याच्या गोपनीय अहवालात 'अत्यंत तत्पर' असा शेरा मीच लिहिला होता.

श्वानगाडीस लगाम नसतो; गाडीवानाच्या पायाखाली ब्रेक असतो. चढावर त्याने पायाने रेटा द्यावयाचा, उतारावर गाडी कुत्र्यांवर जाऊ नये म्हणून ब्रेक दाबावयाचा. धावणाऱ्याचा उत्साह आपणांस अधिकार देत नाही. तो आपली जबाबदारी वाढवितो. तो ब्रेक माझ्याही पायाखाली होता. मी तो कधी दाबला नाही.