न दिलेले घेणे

संशोधनपद्धतीच्या पाठ्यपुस्तकांत नमुनानिवड, प्रश्नावली आणि मोजमाप यांची प्रकरणे आधी येतात आणि नीतीचे प्रकरण बहुधा शेवटी जोडलेले असते. त्यामुळे माहिती अचूक असणे वेगळे आणि ती सचोटीने मिळवणे वेगळे, अशी विद्यार्थ्याची समजूत होते. जैन आचारविचारात ही फाळणी आढळत नाही. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात न दिलेले घेणे हीच चोरी मानली आहे, आणि अचौर्यव्रताच्या अतिचारांत, म्हणजे व्रताला बट्टा लावणाऱ्या दोषांत, चोरीचा माल स्वीकारण्याबरोबर खोटी मापे वापरणेही गणले आहे.

गावातील पाणीपुरवठ्याच्या पाहणीसाठी विद्यार्थी सरपंचांना बरोबर घेऊन भर दुपारी घरोघर गेले, तर पाणी भरणाऱ्या मजूर स्त्रिया शेतावर असतात आणि उत्तरे घरी सापडलेला पुरुष देतो; येथे मापच खोटे ठरते. शिवाय सरपंचांसमोर नकार देणे अवघड असल्याने मिळालेल्या होकाराला देणे म्हणता येत नाही. सुनेच्या आजारपणाची हकिकत सासऱ्याने सांगितली, तर ती सांगण्याचा अधिकार त्याला होता का, हा प्रश्न त्याहून कठीण आहे, कारण ती टिपून घेणारा दुसऱ्याच्या मालाचा स्वीकारच करत असतो.

यावर आक्षेप असा की माहिती दिल्याने देणाऱ्याजवळची माहिती कमी होत नाही, मग चोरी कसली? कमी होतो तो आपल्याविषयी कोणाला काय कळावे हे ठरवण्याचा अधिकार. असा अधिकार किती टोकाला जाऊन नाकारला गेला ते पाहा: अमेरिकेत टस्कीगी येथे 1932 ते 1972 या काळात कृष्णवर्णीय पुरुषांच्या सिफिलिसचा अभ्यास त्यांना अंधारात ठेवून आणि उपचारांपासून वंचित ठेवून चालला. संशोधनाच्या नीतीविषयीच्या 1979 च्या बेल्मॉन्ट अहवालाने व्यक्तीचा आदर, हित आणि न्याय ही तत्त्वे मांडली, ती या पार्श्वभूमीवर.

अपरिग्रह, म्हणजे गरजेपेक्षा अधिक न साठवणे, हे आणखी एक जैन व्रत प्रश्नावलीतील अनावश्यक रकाने गाळायला सांगते. जातीचा रकाना मात्र इतक्या सहज गाळता येत नाही, कारण तो नसेल तर कोणत्या वस्तीला पाणी कमी मिळते हे झाकले जाते आणि माप पुन्हा खोटे पडते. तो ठेवायचा, तर कारण सांगून विचारावे लागते आणि उत्तर न देण्याची मोकळीक द्यावी लागते. संकोचापोटी न विचारता आडनावावरून जात परस्पर नोंदवणे, ही पाहण्यांत सर्रास खपणारी सोय, न दिलेले घेणेच होय.