ओट्यावर काय मागायचं?

आजचं वाचन, स्थानपोथी.

प्रागमध्ये खासगी गाईड घेऊन पायी फिरलो होतो. १३९३ मध्ये संत यान नेपोमुक यांना चार्ल्स पुलावरून नदीत टाकलं, ती जागा त्याने दाखवली. पुतळ्याखालच्या पाटीला लोक हात लावून इच्छा मागतात. पाटी घासून चकचकीत झालीय.

स्थानपोथीसुद्धा गाईडच की! स्वामी कुठे बसले, कुठे जेवले, ती जागा कोणत्या दिशेला, सगळं नोंदलेलं. आपल्या काटोलहून वरुड-मोर्शीमार्गे रिद्धपूर गाठा, जाणत्या महंतांसोबत ओट्याओट्याने चाला. पण तिथे मागायचं काही नाही. नमस्कार करायचा नि लीळा आठवायची. व्हिसा, प्रमोशन, लग्न ही यादी डोकं टेकताच सुरू होते, म्हणून हे फार अवघड आहे.

आजचा नेम: एक लीळा वाचा, पाच मिनिटं न मागता बसा.