बाण करणारा आणि बाण करवून घेणारा

अवधूताने यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगितले, त्यांत एक बाण करणारा कारागीर आहे. समोरून राजाची स्वारी वाजतगाजत गेली तरी त्याला पत्ता नाही, इतका तो हातातल्या बाणात गढलेला. ही कथा आपण सर्वांनी प्रवचनांतून ऐकली आहे. माझ्या मनात मात्र एक शंका घोळते. समजा, असे वीस कारागीर एका छपराखाली बसले आहेत आणि एक जण नुसता त्यांच्यात फिरतो आहे. कुणाला लोखंड कमी पडलं, कुणाचा भाता फाटला, कुठले दोघे एकमेकांशी बोलेनासे झाले, एवढंच तो बघतो. संध्याकाळी त्याच्या हातात स्वतःचा म्हणून एकही बाण नसतो. मग त्याने कशात गढून जावं? आणि त्याला जे समाधान वाटतं, ते त्याच्या हक्काचं, की दुसऱ्याच्या कष्टावरचं?

ही शंका आली ती माझ्या भाच्यामुळे. तो पुण्यात एका नव्या कंपनीत आहे, ज्याला हल्ली स्टार्टअप म्हणतात. सुरुवातीला पाच-सहा पोरं होती, तेव्हा हा स्वतः प्रोग्राम लिहायचा. कंपनी वाढली, आता याच्या हाताखाली पंधरा माणसं आहेत. मला म्हणाला, "मामा, दिवसभर मी लोकांच्या अडचणी सोडवतो आणि कामाच्या पद्धती बसवतो. रात्री आठवायला गेलो तर स्वतः केलेलं काहीच सापडत नाही. आणि तरी खरं सांगू? पूर्वीपेक्षा जास्त बरं वाटतं. हे चुकीचं तर नाही ना?"

मी कॉमर्सवाला, उभा जन्म बँकेत कारकुनी केलेला. मला हे समाधान अगदी ओळखीचं वाटलं. संध्याकाळी कॅश जुळली तर बँकेत कुणी पेढे वाटत नाही, सगळे मुकाट्याने घरी जातात. फरक निघाला तरच आवाज होतो. सुरळीत चाललेलं काम दिसतच नाही, बघा. महाप्रसादाच्या पंगतीवर लक्ष ठेवणारा आठवा. तो स्वयंपाक करत नाही, वाढतही नाही. कोपऱ्यातल्या आजींपर्यंत आमटी पोचली का, ते बघतो आणि शेवटच्या पंगतीला जेवतो. त्याची भूक त्याआधीच निम्मी भागलेली असते. हे समाधान दुसऱ्याचं हिसकावलेलं नाही. दुसऱ्याला पोचलेलं पाहून मिळालेलं आहे.

आपल्या भागात याचं मोठं उदाहरण आहे. कोल्हापूरहून रेल्वेने मिरज करून पुण्याकडे निघालं की वाटेत किर्लोस्करवाडी लागते. लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनजवळचा माळ दिला. १९१० च्या मार्चमध्ये कारखाना तिथे आला. निवडुंग आणि सापांची जागा ती. त्यात लोखंडी नांगराने जमीन विषारी होईल, अशी शेतकऱ्यांची भीती. आजच्या भाषेत तीही स्टार्टअपच होती की! नांगरामागे लक्ष्मणरावांचं नाव आपण घेतो, ते योग्यच. पण वसाहत उभी करायची, तिची व्यवस्था बघायची, हे काम त्यांचे बंधू रामूअण्णा यांनी सांभाळलं. हिशेबाला मंगेशराव रेगे होते. यांनी नांगर घडवला नाही, पण घडवणाऱ्याला निर्धास्त ठेवलं. आणखी एक गोष्ट मला फार मोठी वाटते. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना तिथे पहारेकरी म्हणून ठेवलं, आणि ती विश्वासाला उतरली. कोणत्याही नियमाच्या पुस्तकात हे बसलं नसतं. पद्धत कामासाठी असते, माणूस मात्र डोळ्यांनीच पारखावा लागतो.

खरी कसोटी वाईट दिवसांत लागते. गेल्या वर्षी भाच्याच्या कंपनीत पैसे घालणाऱ्यांनी हात आखडता घेतला. चार माणसं कमी करा, असं वरून आलं. हा वरच्यांशी भांडला. दोघांचं काम वाचलं, दोघांचं नाही. ईमेल पाठवून मोकळं होता आलं असतं. याने त्या दोघांना समोर बसवून स्वतः सांगितलं, मग ओळखीच्या ठिकाणी महिनाभर त्यांच्यासाठी फोन केले. एकाला नोकरी लागली. दुसऱ्याचं अजून जमलेलं नाही, त्याची चौकशी हा अजून करतो. त्या महिन्यात समाधान कुठलं? झोपसुद्धा नव्हती.

आमच्या हिशेबाच्या शास्त्रात एक गंमत आहे. नफातोट्याच्या पत्रकात पगार खर्चाच्या बाजूला येतो. ताळेबंदात यंत्र, इमारत, येणं, सगळं मालमत्तेच्या बाजूला दिसतं, पण तिथे माणूस कुठेच नसतो. म्हणून ज्याला नुसता कागद दिसतो, त्याला माणूस हा खर्चच वाटणार. हा न लिहिलेला रकाना मनात चालू ठेवणं, हेच माणसं सांभाळणाऱ्याचं काम. तो रकाना ज्याने पुसला, त्याचं समाधान मग अधिकाराचं उरतं. 'मी आहे म्हणून चाललंय' हे वाक्य तोंडात आलं की ओळखावं, घसरण सुरू झाली. आपण आठ दिवस वाडीला जाऊन राहिलो आणि मागे काम अडलं नाही, याचा आनंद झाला पाहिजे. वाईट वाटलं तर ती सेवा नव्हती, मालकी होती.

अवधूताच्या गुरूंत समुद्रही आहे. पावसाळ्यात नद्या आल्या म्हणून तो फुगत नाही, उन्हाळ्यात आटल्या म्हणून सुकत नाही. बाण करवून घेणाऱ्याने गुरू करावा तो हा, असं मला वाटतं. पाणी नद्यांचं आहे हे विसरू नये, म्हणजे झालं.

आपल्यापैकी बहुतेकांची मुलं-नातवंडं आज कुणा ना कुणाच्या हाताखाली आहेत, किंवा त्यांच्या हाताखाली कुणी आहे. त्यांचा फोन आला की आपण पगार विचारतो, बढती विचारतो. एकदा हेही विचारावं, "बाळा, तुझ्याबरोबर काम करणारी माणसं बरी आहेत ना?"

श्रीगुरुदेव दत्त.