नानांचा पहारा

बाप मारला गेला तेव्हा पोर आईच्या पोटात होतं. 30 ऑगस्ट 1773 ला शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांना कापून काढलं. पुढच्या एप्रिलात पुरंदरावर मुलगा झाला, सवाई माधवराव, आणि चाळीस दिवसांच्या त्या तान्ह्याला पेशवाईची वस्त्रं मिळाली. तेव्हापासून कारभारी नाना फडणविसांनी त्याच्यावरची नजर हलवली नाही. हलवणार तरी कशी? गादीवर टपलेले राघोबादादा घरातलेच, आणि त्यांच्या पाठीशी इंग्रज. मुलगा जगला तो नानांच्या जागरणावर. हे आधी कबूल करायला हवं, नाहीतर गोष्ट नुसती खलनायकाची होते आणि आपण तिच्यात कुठेच सापडत नाही.

इंग्रजांशी सालबाईचा तह झाला, राघोबादादा 1783 साली वारले. धोका सरला, पहारा मात्र उठला नाही. सवाई माधवराव विशीत आले तरी त्यांनी कुणाला भेटावं, कुणाशी बोलावं, हे नानाच पाहत. शिक्का पेशव्यांचा, हुकूम नानांचा, आणि हे वाड्यातल्या हुजऱ्यालाही ठाऊक.

1792 साली महादजी शिंदे उत्तरेतून पुण्याला आले. दिल्लीच्या बादशहाला हाताशी धरणारा हा सरदार पेशव्यांच्या भेटीच्या वेळी सगळ्यांच्या खाली बसला, बगलेतलं गाठोडं सोडून त्यातून नवे जोडे काढले, श्रीमंतांच्या पायात घातले आणि जुने स्वतःच्या बगलेत मारले. आमच्या घराण्याचं मूळ काम हेच, म्हणाले. ही नम्रता मुरलेल्या राजकारण्याची होती, भाबडी मुळीच नव्हती. तरीही महादजींबरोबर त्या मुलाला शिकार मिळाली, मोकळ्या गप्पा मिळाल्या. नानांना ते रुचलं नाही. दीड-दोन वर्षांत महादजी वानवडीला वारले आणि तीही खिडकी बंद झाली.

खर्ड्याची लढाई 1795 च्या मार्चमधली. निजाम हरला, विजय पेशव्यांच्या नावावर जमा झाला. त्याच सुमारास जुन्नरच्या शिवनेरीवर नानांनी अडकवून ठेवलेल्या राघोबादादांच्या मुलाशी, बाजीरावाशी, श्रीमंतांचा चोरून पत्रव्यवहार सुरू होता. नात्याने चुलता, वयाने बरोबरीचा. तुम्ही पुण्यात कैदी आणि मी जुन्नरला, असा त्याच्या निरोपाचा आशय इतिहासकार ग्रँट डफने नोंदवला आहे. नानांना सुगावा लागला. निरोप पोचवणाऱ्याला कैदेत घातलं आणि श्रीमंतांनाही बोल लावले. एकवीस वर्षांच्या पेशव्याला, भावकीतल्या एका माणसाला पत्र लिहिलं म्हणून! आज रजेवर असतानाही प्रत्येक मेलची प्रत मागणारा साहेब आणि सुनेला ‘कुणाचा फोन होता गं?’ असं दर वेळी विचारणारं घर, दोघांनाही आपण काळजीच करतो असं मनापासून वाटतं. नानांनाही वाटत असणार.

त्या दसऱ्याला श्रीमंतांच्या अंगात ताप होता. 25 ऑक्टोबरला ते वाड्याच्या वरच्या मजल्यावरून खाली कारंज्यावर पडले आणि दोन दिवसांनी गेले. उडी मारली की तापाच्या भ्रमात तोल गेला, यावर इतिहासकारांचं आजही एकमत नाही. मला त्या वादात पडायचं नाही. वीस वर्षं ज्याच्याकडे डोळ्यांत तेल घालून पाहिलं, त्याच्या मनात शेवटी काय होतं हे नानांना सांगता आलं नाही, एवढं खरं.

पुढे नेमका तोच बाजीराव गादीवर आला, साधारण वर्षभराने नाना स्वतः अहमदनगरच्या किल्ल्यात कैद झाले, 1818 साली पेशवाई बुडाली. हे पाठ्यपुस्तकात आहे. त्याआधीचा नानांचा एक बेत मात्र फारसा कुणी सांगत नाही. पेशवा गेल्यावर, आता गादीवर कोण, हा प्रश्न आला. बाजीराव हाताशी होता, वयात आलेला होता, वारसही तोच होता. नानांनी सरदारांपुढे तोडगा ठेवला तो वेगळाच: श्रीमंतांच्या विधवेच्या, यशोदाबाईंच्या मांडीवर एखादं मूल दत्तक द्यावं, आणि ते मोठं होईपर्यंत कारभार आपण पाहावा.