समोरची खुर्ची

रविवारी संध्याकाळी ठाण्यातल्या एका बर्गरच्या दुकानात मी आणि मावशी चौघांचं टेबल धरून बसलो होतो. शेजारच्या खुर्चीवर माझी पिशवी. हातात ट्रे घेतलेले एक गृहस्थ आमच्यापाशी घुटमळून पुढे गेले.

"पिशवी उचल," मावशी म्हणाली.

"त्यांनी विचारलं तर उचलेनच की."

"त्यांनी का विचारायचं? नकाराची धास्ती उभ्या माणसाला असते. तू तर बसलायस."

"त्यांना आपल्यात बसायचं नसेल तर? अनोळखी माणसाला त्याच्या त्याच्यापाशी राहू देणं हाही मान राखणंच आहे, मावशी."

"मग बोलव, आणि त्यांना 'नको' म्हणू दे. न विचारता राखलेला मान तुझ्याच सोयीचा."

"पण इथे दोन घटका निवांत बसायचे पैसे मोजलेत आपण."

"त्यांच्या ट्रेमधलं फुकट आलंय? लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथ्याला सरकून जागा देतोस ना? तिथे तर पासाचे पैसे भरलेले असतात."

यावर मला उत्तर सुचलं नाही. दादरला 'प्रकाश'मध्ये गर्दीच्या वेळी मी कितीदा अनोळखी माणसांसमोर बसून साबुदाणा वडा खाल्लाय. तिथे अवघडल्यासारखं झालं नाही, कारण 'जरा सरकून घ्या' म्हणायला वेटर होता. 1996 साली वांद्र्यात मॅकडोनाल्ड्स आलं. पुढे अशी दुकानं वाढत गेली आणि आपला ट्रे आपणच उचलायची सवय आपल्याला लागली. वेटरबरोबर त्याचं ते वाक्यही गेलं. ते आता गिऱ्हाइकाने म्हणायला हवं, पण आम्ही फक्त ट्रे उचलायला शिकलो.

तरी एक शंका होतीच. "एकटी मुलगी बसली असेल तर? तिनेही बोलवायचं?"

मावशी जरा वेळ गप्प राहिली.

"नाही. तिच्यावर ते ओझं नको. नोकरीला लागले तेव्हा इराण्याकडे मी समोरच्या खुर्चीवर पर्स ठेवूनच चहा प्यायचे. समोर कोण येऊन बसेल याची भीती वाटायची. ती पर्स माझी भिंत होती. तुझी पिशवी कशासाठी आहे?"

मी पिशवी मांडीवर घेतली आणि मागे वळून पाहिलं. गृहस्थ भिंतीकडेच्या फळीवर ट्रे ठेवून उभ्यानेच खात होते. मी हात केला. त्यांनी उरलेला घास दाखवला आणि "झालंच आता" म्हणाले.