बदलीच्या हुकमावर खेळलेला हंगाम

टोनी बुटकोविच हा इलिनॉय विद्यापीठाचा फुटबॉलचा गडी. १९४२चा हंगाम तो तिथूनच खेळला. २ ऑक्टोबर १९४३ला मात्र तो पर्ड्यू विद्यापीठाची जर्सी घालून इलिनॉयविरुद्ध उतरला आणि जुन्या सोबत्यांची फळी फोडत चार टचडाउन करून गेला. पर्ड्यूने सामना ४०-२१ असा जिंकला. यात फितुरी कसली नव्हती. तो नौदलाच्या मरीन कोअरमध्ये भरती झाला होता आणि प्रशिक्षणासाठी त्याला पर्ड्यूला धाडलं होतं. इलिनॉयचाच अ‍ॅलेक्स अगासे त्याच वाटेने आला होता. पर्ड्यू त्या वर्षी नऊपैकी नऊ सामने जिंकला. हंगाम संपायच्या आतच बुटकोविचला पुढचा हुकूम आला.

हे फुटबॉल अमेरिकेचं, लांबट चेंडूचं. तिथे विद्यापीठाचा संघ म्हणजे गावाची आणि घराण्याची इज्जत. १९४३मध्ये, दुसरं महायुद्ध पेटलेलं असताना, त्या इज्जतीचा ताबा लष्करी कचेऱ्यांकडे गेला.

सगळा फरक एका नियमाने पडला. अधिकारी घडवण्यासाठी नौदलाने जुलै १९४३मध्ये ‘व्ही-१२’ योजना सुरू केली. देशभरातल्या १३१ महाविद्यालयांत गणवेशातले विद्यार्थी शिकू लागले आणि अभ्यास सांभाळून संघातून खेळायची त्यांना मुभा मिळाली. भूदलाचीही अशीच योजना होती. पण अभ्यासक्रम इतका ठासून भरलेला, की आंतरमहाविद्यालयीन खेळांना साफ मनाई. म्हणजे आपल्या आवारात कोणत्या दलाची मुलं आली, यावर पुष्कळ काही ठरायचं. अलाबामा, ऑबर्न, टेनेसी या फुटबॉलवेड्या विद्यापीठांनी त्या वर्षी संघच उतरवले नाहीत. उलट कॅलिफोर्नियातल्या छोट्या कॉलेज ऑफ द पॅसिफिकला नौदलाची मुलं लाभली आणि ८१ वर्षांचे अमोस अलोन्झो स्टॅग वर्षातले सर्वोत्तम प्रशिक्षक ठरले. सत्तरी गाठली म्हणून शिकागो विद्यापीठाने त्यांना दहा वर्षांपूर्वीच घरी बसवलं होतं!

खेळामुळे युद्धाचा विसर पडतो, असं म्हणायची पद्धत आहे. १९४३च्या प्रेक्षकाला तसा विसर पडण्याची सोय नव्हती. नोटर डेम विद्यापीठाचंच पाहा. अँजेलो बर्टेली हा त्यांचा क्वार्टरबॅक. पहिल्या सहा सामन्यांत त्याचे ३६पैकी २५ पास लागू पडले, त्यांतल्या १० पासांवर टचडाउन झाले. मिशिगनसारख्या बलाढ्य संघालाही नोटर डेमने ३५-१२ असं लोळवलं. आणि ऐन रंगात मरीन कोअरने बर्टेलीला बोलावून घेतलं. त्याच्या जागी आला अठरा वर्षांचा जॉनी लुजॅक. पहिलीच कसोटी वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीशी, तीही न्यूयॉर्कच्या यँकी स्टेडियमवर. नोटर डेम २६-० जिंकलं. अर्ध्या हंगामाच्या जोरावर वर्षाच्या सर्वोत्तम खेळाडूची हाइझमन ट्रॉफी बर्टेलीला मिळाली, तेव्हा तो छावणीत कवायत करत होता.

हंगामातले शेवटचे दोन प्रतिस्पर्धी तर विद्यापीठंच नव्हती. आयोवा प्री-फ्लाइट ही नौदलाच्या वैमानिकांची शाळा. तिला नोटर डेमने १४-१३ असं जेमतेम हरवलं. शेवटचा सामना शिकागोजवळच्या ग्रेट लेक्स नौदल तळाशी. तिथे अखेरच्या मिनिटातल्या एका लांब पासने घात केला आणि नोटर डेम १९-१४ हरलं. तरी असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या क्रमवारीत पहिला नंबर, म्हणजे राष्ट्रीय विजेतेपद, त्यांचंच, आणि दुसरा त्या वैमानिकांच्या शाळेचा. ‘सर्वोत्तम कॉलेज संघ’ निवडताना कॉलेज कशाला म्हणायचं, हाच प्रश्न पडावा अशी ती यादी.

म्हणून या विजेतेपदाला खोटं म्हणावं का? नाही. चेंडू, मैदान, मार, सगळं खरंच होतं. पण त्याचं श्रेय प्रशिक्षक फ्रँक लेही यांच्या डावपेचांइतकंच नौदलाच्या त्या एका परवानगीलाही द्यायला हवं. मैदानावर घाम गाळणाऱ्यांना हे ऐकायला कडू वाटेल, पण बंद पडलेल्या संघांतली मुलं काही कमी जिगरीची नव्हती.

बुटकोविच एप्रिल १९४५मध्ये ओकिनावाच्या लढाईत मारला गेला. बर्टेली इवो जिमाच्या लढाईतून परतला. अगासे जखमी होऊन आला, पुन्हा इलिनॉयकडून खेळला आणि १ जानेवारी १९४७ला रोझ बोलच्या लढतीत त्याच्या संघाने यूसीएलएला ४५-१४ अशी धूळ चारली. लुजॅकने नौदलातली नोकरी आटोपून १९४७ची हाइझमन पटकावली.

युद्धकाळात विद्यार्थी आटल्यामुळे अडचणीत आलेल्या नोटर डेमला नौदलाच्या प्रशिक्षणकेंद्राने तारलं होतं. ते ऋण स्मरून विद्यापीठाने अ‍ॅनापोलिसच्या नौदल अकादमीशी दरवर्षीचा सामना पुढेही आवर्जून चालू ठेवला. खेळताना मात्र त्या ऋणाची भीड कुणी ठेवली नाही: १९६४पासून २००६पर्यंत नोटर डेमने नौदल अकादमीला सलग ४३ वेळा हरवलं.